सहा चाव्या

आमच्या नळाच्या पाण्याला वास यायला लागला तो मंगळवार होता. पाणी किती वेळ आलं हे मी रोज लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो. त्या दिवशी चाळीस मिनिटं आलं आणि गढूळ आलं. शुक्रवारपर्यंत इमारतीतल्या सोळापैकी पाच घरांत जुलाब सुरू झाले. त्यातलं एक माझं. मुलीला सलाइन लावावं लागलं.

कारण उघड होतं. गटाराला लागून जाणारा जुना लोखंडी पाइप गंजून फुटला होता आणि पाणी जाऊन पाइप रिकामा झाला की गटारातलं आत शिरत होतं. पाइप बदलायला माणसं तयार होती, पण आधी गल्लीची चावी बंद करायला हवी. चावी म्हणजे रस्त्याखालचा व्हॉल्व्ह. गेल्या उन्हाळ्यात काँक्रीटचा रस्ता झाला तेव्हा अशा सगळ्या चाव्यांची झाकणं त्याखाली गेली. मुख्य चावी बंद केली तर सगळा परिसर कोरडा.

"नकाशात कुठली चावी कुठल्या गल्लीची ते लिहिलेलं नाही. जुन्या चावीवाल्यांना विचारा," पाणीखात्याचे तरुण अभियंता म्हणाले. तीस वर्षं आमच्या भागात पाणी सोडणारे काका आता खाडीकाठच्या आपल्या गावी असतात. मी फोन लावला.

"किराणावाल्याच्या पायरीपासून सहा चाव्या," काका म्हणाले. "सरळ जावा. बरोबर घावंल."

अभियंत्यांकडच्या नकाशात पायरीपासून सहावी चावी डेअरीच्या कोपऱ्यावर येत होती, आमच्या इमारतीच्याही पुढे. ते कचरले.

"इतक्या लांब कशी असेल?"

लाइन उलटी फिरून येत असेल, मी म्हटलं. तीस वर्षं ज्यांनी पाणी सोडलं ते चुकतील का? टेप लावून मीच खडूने फुली मारली. तीनशे दहा फूट.

ब्रेकरने काँक्रीट फोडायला दोन तास लागले. चावी निघाली, बंद केली. तपासायला म्हणून खात्याने त्या दिवशी पाणी दिवसभर चालू ठेवलं होतं; आमच्या नळाची धार तशीच. पाच मिनिटांनी डेअरीवाला बाहेर आला.

"अहो, तुमच्याकडे घाण येतं म्हणून आमचं बंद केलंत? बरा न्याय आहे."

मी पुन्हा फोन केला. दुपारी चावीवाले काका रिक्षातून उतरले. हातात लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. फोडलेल्या खड्ड्याकडे त्यांनी पाहिलं.

"हितं कोनी फोडायला सांगितलं?"

"तुम्हीच. सहा चाव्या म्हणालात."

"अवो साहेब, चावी म्हंजे ही." त्यांनी दांडी आपटली. "हिनं व्हॉल्व्ह फिरवायचा नि हिनंच मोजायचं. आमच्याकडं टेप कुठला? तुमी नकाशात मोजीत बसलात व्हय?"

अभियंता नकाशाची घडी घालू लागले.

काकांनी दांडी पायरीला टेकवून रस्त्यावर आडवी ठेवली, टोकाशी खूण केली, उचलून पुढे ठेवली. असं सहा वेळा. मला राहवलं नाही, मी टेप लावला. दांडी पाच फूट दोन इंच, सगळं मिळून एकतीस फूट. खात्याकडची नवी दांडी चार फुटांची आहे. तिने मोजलं असतं तर सात फूट अलीकडे फोडलं असतं.

या वेळी ब्रेकर झाकणावरच वाजला. काकांनी स्वतः दांडी आत घातली आणि आटे मोजत फिरवायला लागले. अकराव्या आट्याला हात थांबला. वरून बायकोने खिडकीतून सांगितलं, नळ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाइप बदलून झाला. एकतीस फूट हा आकडा मी अभियंत्यांच्या नकाशात त्यांच्यासमोर लिहून घेतला. डेअरीवाल्याची चावी उघडायची राहिली होती, ती त्यानेच आठवण करून दिल्यावर उघडली.

तिसऱ्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं पाणी वाहू दिलं. मग काचेचा पेला भरला, वास घेतला, उजेडात धरून पाहिला आणि मी प्यालो. घरातल्या बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मला काही झालं नाही, तेव्हा त्यांनी पाण्याचे विकतचे जार बंद केले. मुलीला मात्र आणखी आठ दिवस उकळूनच दिलं.