गाजराचा पहिला घास

शिंपीकाकांनी चहा सोडला, चष्म्याची तडकलेली काच तशीच चालवून घेतली. पण म्हाताऱ्या घोडीच्या चाऱ्याला आणि नालांना शिलाईचे पैसे काही पुरेनात. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी ती घोडागाडीवाल्याच्या स्वाधीन केली. "गेली बाई माझी सवत!" म्हणता म्हणता काकूंनीच डोळे पुसले.

दुसऱ्याच दिवशी गाडीवाला दारात. "काका, घोडी कशालाच तोंड लावत नाही हो!"

काका धावतच त्याच्या तबेल्यात गेले. "अरे, गाजर आधी आपण चावायचं, मग तिला द्यायचं. लाडावलीय ती."

गाडीवाल्याने तसं केलं. घोडीने ते खाल्लं आणि पुन्हा त्याच्याच हाताशी तोंड नेलं.

"जमलं की तुला!" काका हसले. वाटेत स्वतः चावून आणलेलं गाजर त्यांच्या खिशातच राहिलं.