बाटलीत नसलेला ठिपका

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे ‘घार’ म्हणायचे. घरी मात्र तिला कोणी घार म्हटलं नाही, कारण घरी तिला पंख पसरायलाच जागा नव्हती. तिचा पलंग स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधल्या बोळात. बाथरूमला जाणाऱ्याने तिच्या पायांना वळसा घालून जायचं आणि जाताजाता काहीतरी विचारायचं, असा आमच्याकडे रिवाजच पडला होता. “आत्या, टॉवेल कुठंय?” हा मी. “वन्सं, गॅस बंद केलात ना?” ही आई. “माझा चष्मा बघितलास का गं?” हे बाबा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, आणि चष्मा बहुतेक वेळा त्यांच्याच कपाळावर. पलीकडच्या खोलीत आजोबा. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले, पण आवाज अजून धडधाकट. दर दहा मिनिटांनी ते तिला हाक मारायचे. काम असायचंच असं नाही. पोरगी जागेवर आहे ना, एवढंच बघायचे.

आत्याचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे आमच्या घरात प्रत्येकजण वेगळं सांगतो, त्यामुळे मी विचारायचं सोडून दिलंय.

तिच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरतात. भरलेली प्रत्येक बाटली बाहेर पडण्याआधी माणसाच्या नजरेखालून जाते. एकोणीस वर्षं ती नजर आत्याची होती. म्हणजे आणखी सात बायका होत्या, पण अडलेली बाटली शेवटी घारीकडेच यायची. काम ऐकायला सोपं. कपाटाएवढी अंधारी जागा, काळा पडदा, एक स्टूल, डोक्यावर दिवा आणि समोर अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. बाटली उचलायची, हलकेच फिरवायची. पाच सेकंद काळ्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. काळ्यावर काचेची बारीक कपची चमकते, पांढऱ्यावर काळा कण उठून दिसतो. स्वच्छ असली तर डावीकडच्या ट्रेमध्ये, नसली तर उजवीकडच्या लाल टोपलीत. मग पुढची. मग त्याच्या पुढची. तासाला एकदा घंटा होते, तेव्हा दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं.

“या डबीतून मला सोडव,” असा तिचा देवाकडे एकोणीस वर्षं एकच अर्ज होता. वर पाठपुरावाही चालू होता. उत्तर काही आलं नव्हतं.

अर्ज सोडला तर तिला देवाकडून दुसरं काही नको होतं. तिला तो स्वतःच हवा होता. आमच्या घरात खाजगी बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. तिथं ती मला एकदा म्हणाली, “मला ना, दहा मिनिटं त्याच्याजवळ नुसतं बसायचंय. मागायचं नाही, रडायचं नाही. नुसतं बसायचं.”

मी म्हटलं, “त्याची अपॉइंटमेंट मिळणं अवघड आहे म्हणतात.”

“त्याची मिळेल रे. माझीच मिळत नाही.”

तेवढ्यात वरून आजोबांची हाक आली. भेट रद्द.

शेवटी मीच तिला एका निवृत्त मास्तरांच्या ध्यानवर्गाला घालून आलो. रविवारी सकाळी, एका गच्चीवर. मास्तर सांगायचे, विचार येतील, येऊ द्या, बघा आणि जाऊ द्या. आत्याने पहिल्या दिवशी अर्धा तास डोळे मिटले. नंतर मास्तरांनी विचारलं, “काय अनुभव?”

“विचार आला की बघितला,” आत्या म्हणाली. “पाच सेकंद असा, पाच सेकंद तसा. खोट निघाली की उजवीकडे टाकला.”

“आणि किती राहिले?”

“एकही नाही. सगळे रिजेक्ट.”

मास्तर हरखले. म्हणाले, ताई, लोकांना या पायरीवर यायला वर्षं लागतात. आत्या घरी येताना मला म्हणाली, “त्यांना काय वाटलं कोण जाणे. रिकामा ट्रे होता रे नुसता. रिकाम्या ट्रेमध्ये काय देव असतो?” पुढच्या रविवारी ती गेली नाही. आजोबांचं अंग पुसायचं होतं.

मग गेल्या वर्षी ती भानगड झाली.

एका सकाळी आत्याने लागोपाठ दोनशे बारा बाटल्या लाल टोपलीत टाकल्या. सगळ्यांत काळा कण. घारीने टाकल्या म्हणजे शंका घ्यायचं कारणच नाही. यंत्र बंद केलं, गाळण्या उघडल्या, इंजिनिअर घामाघूम झाला. दुपारी दुसऱ्या दोन बायकांनी त्याच बाटल्या पाहिल्या. पाणी आरशासारखं स्वच्छ. सुपरवायझर बाई म्हणाल्या, “ताई, आज तब्येत बरी नाही का?” या बाईंना काम आत्यानेच शिकवलेलं, त्या अजून तिला ताई म्हणतात. आत्या म्हणाली, “डोकं दुखतंय जरा,” आणि पडद्याआड गेली.

तिथं तिच्या लक्षात आलं. बाटलीतला कण पाणी थांबलं की तळाला बसतो. हा बसत नव्हता. हा तिची नजर जाईल तिकडे जात होता. तिने बाटली खाली ठेवली आणि नुसत्या पांढऱ्या पाटीकडे पाहिलं. ठिपका तिथंही होता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टर मजेत होते. “वयाचं असतं. डोळ्याच्या आतल्या पाण्यात गुठळी होते, तिची सावली दिसते. काही होत नाही त्याने.”

“जाईल कधी?” आत्याने विचारलं.

“जात नाही. सवय होते. फक्त त्याच्याकडे बघायला जाऊ नका, तो पळतो.”

रस्त्यात मी गंमत म्हणून म्हटलं, “घे, सुटलीस! एकोणीस वर्षं अर्ज करत होतीस. मंजूर झाला की.”

ती हसली नाही. फुटपाथवर मध्येच थांबली. “तुला कळतंय का,” ती म्हणाली, “अख्ख्या दिवसात मला कोणी हाक मारत नाही अशी एकच जागा आहे. पडद्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही. सुपरवायझरलासुद्धा. आणि मी मूर्ख, तिथूनच सोडव म्हणत होते.”

 

कारखान्याची डोळेतपासणी चार महिन्यांवर होती. आत्याने ठरवलं, तोवर गप्प बसायचं. तिने एक युक्ती काढली. कण दिसला की नजर क्षणभर बाजूला न्यायची आणि परत आणायची. कण नजरेबरोबर गेला तर आपला, जागेवर राहिला तर बाटलीचा. वेळ लागायचा, पण जमायचं. निदान तिला तसं वाटलं.

आणि त्याच दिवसांत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. घंटा झाली, डोळे मिटले की ती देवाशी बोलायला लागली. नेहमीसारखं पाठ केलेलं नाही. दुसऱ्यांनी रचलेल्या ओळी नाहीत. साधं, कारखान्याच्या फाटकाशी बायका बोलतात तसं. “काय रे, एवढी वर्षं मागितलं तेव्हा कानात बोळे घालून बसलास, आणि आता मला नकोय तर देतोस होय?” किंवा, “आज बाबांनी अंथरुणातून ताट भिरकावलं. मी उचललं. तू होतास का तिथं? असलास तर उचलायला हात लावायचास.”

“मग तो काय म्हणतो?” मी जिन्यात विचारलं.

“काही नाही. पण ऐकतो.”

“कशावरून?”

“तू माझं ऐकत नसतोस तेव्हा मला कळतं की नाही? तसंच ऐकत असला तरी कळतं.”

त्या वेळी मी खरोखरच मोबाइल बघत होतो.

त्या आठवड्यात आत्याचा चेहरा बदलला. आईच्यासुद्धा लक्षात आलं. “वन्सं, काय झालंय? एवढ्या खूश?” आत्या म्हणाली, “कुठं काय,” आणि बोळातून निघून गेली. आजोबांच्या पहिल्या हाकेला ओ आणि दहावीलाही ओ, तेही न चिडता. दहा मिनिटांचं पोटभर जेवण जेवून आल्यासारखी ती घरात वावरायची.

आठव्या दिवशी एक बाटली हातात आली. कण दिसला. नजर बाजूला नेली, कण गेला. आपलाच, असं म्हणून तिने बाटली डावीकडे ठेवली. पुढची उचलली आणि हात थांबला. मघाचा कण नजरेबरोबर गेला खरा, पण सगळा गेला होता का? तिने ती बाटली ट्रेमधून परत काढली, पांढऱ्यासमोर धरली. दोन होते. एक तिचा, एक बाटलीचा, एकमेकांच्या आड. बाटलीचा हळूहळू तळाला जाऊन बसला.

तिने ती लाल टोपलीत टाकली. ती बाटली कुणाच्या शिरेत जाणार होती, हे तिला माहीत नव्हतं. पण कुणाच्या तरी जाणार होती, हे माहीत होतं. तेवढ्यात घंटा झाली. तिने सवयीने डोळे मिटले.

“आणि बोलताच येईना,” तिने मला नंतर सांगितलं. “म्हणजे तो रुसला होता असं नाही. तो होता तिथंच. मलाच समोर बसवेना. फोडलेली बरणी लपवून ठेवून आईच्या मांडीवर बसावं ना, तसं झालं. दहा मिनिटं, पण संपता संपेनात.”

म्हणजे पेच असा होता. देव भेटायचा तो पडद्याआड. पडद्याआड राहायचं तर खोटं बोलायला हवं. आणि खोटं पोटात ठेवून देवाशी बोलता येत नव्हतं. मी माझ्या परीने वाटा काढून पाहिल्या असत्या, पण तिने मला विचारलंच नाही. घंटा संपल्यावर ती सरळ सुपरवायझर बाईंच्या टेबलापाशी गेली आणि डोळ्यातल्या ठिपक्याचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी आधी दार लावलं. “ताई, तपासणीला चार महिने आहेत. तोवर मी काही ऐकलेलं नाही.”

“तू ऐकलं नसशील. मी बोललेय ना.”

“तुम्हाला पॅकिंगला टाकावं लागेल. तिथला गोंगाट माहितीये ना? तुम्हाला सोसायचा नाही.”

“अजून एक आहे,” आत्या म्हणाली. “माझ्या नंबरचे आठ दिवसांचे ट्रे परत बघायला हवेत. अजून गोदामातच आहेत.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “सगळे?”

“सगळे.”

बाकीच्या सात जणींना पाच दिवस जादा बसावं लागलं. त्या आत्याला काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात सौम्य म्हणजे, “घार कसली, वटवाघूळ आहे.” आठ दिवसांच्या बाटल्यांतून कण असलेल्या तीन निघाल्या. तिन्ही घारीने पास केलेल्या. त्यानंतर त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही.

पॅकिंगचा हॉल मी पाहिलाय. मोठा, उजेडाचा, आणि एक मिनिट शांत नाही. पट्टा खडखडत असतो, दोन्ही बाजूंना चौदा बायका, खोकी दुमडणाऱ्या, माहितीचा कागद आत सारणाऱ्या, आणि सगळ्या एकदम बोलणाऱ्या. कुणाची सून, कुणाची सासू, कुणाचा गुडघा. पडदा नाही, घंटा नाही. पहिले काही दिवस आत्या घरी आली की बोळातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही पायांना वळसा घालून जात होतो. विचारायचं मात्र बंद केलं होतं, म्हणजे मी आणि आईने. बाबांचा चष्मा चालूच होता.

‘अर्ज मंजूर झाला’ ही माझी गंमत आठवून मला अपराधी वाटत होतं. एका संध्याकाळी जिन्यात गाठून मी विचारलंच, “आत्या, तो… भेटतो का आता?”

“शांतता मिळाली तर बसू म्हणून वाट बघत होते,” ती म्हणाली. “महिनाभर बघितली. मग आज सकाळी राग आला. पट्ट्यावर कागद सारता सारता म्हटलं, ‘तुझ्यापायी खरं बोलले, आणि तू मला इथं आणून टाकलंस. आता ये की इथं. तुला काय गोंगाट सोसत नाही?’ चांगली भांडले.”

“एवढ्या आवाजात?”

“भांडायला शांतता कशाला लागते?”

ती आनंदात होती असं मी म्हणणार नाही. डोळे सुजलेले होते, आणि वर आजोबांनी दोनदा हाक मारून झाली होती. सुटका वगैरे काही झालेली नव्हती. पण ती घाईने उठली नाही, आणि मला त्या दिवशीचं पुढचंही सांगितलं.

समोर बसणारी बाई, जिचा गुडघा सगळ्या हॉलला पाठ आहे, तिने आत्याचे ओठ हलताना पाहिले. पट्ट्यावरून ओरडून विचारलं, “ओ ताई, कुणाशी बोलताय?”

“आहे एक. नात्यातलाच.”

“लागतो कोण?”

“ते अजून ठरायचंय.”

“मोठा माणूस आहे का? मग माझ्या गुडघ्याचं जरा घाला की त्याच्या कानावर.”

आत्याने तीन खोक्यांत तीन कागद सारले, मग मान वर करून म्हणाली, “तुझं तू सांग, बाई. माझ्यामार्फत नाही चालत त्याचं.”

ती बाई काहीतरी म्हणाली, पण तेवढ्यात खोक्यांचा पुढचा लोंढा आला आणि दोघींचेही हात कामाला लागले.