किल्ल्यांच्या जुडग्याची नोंद

५ ऑक्टोबर २००९, सोमवार. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून निकाली फायली कपाटातून काढून, झटकून, गठ्ठे बांधायला घेतले होते. नाकावर रुमाल होताच. स्वाइन फ्लूमुळे त्या वर्षी निम्म्या कोल्हापूरच्या नाकावर होता. टेबलावर दोन जर्नलं पडली होती. जागा हवी म्हणून ती उचलली.

या जर्नलांचं आधी सांगते. वकिलीची सनद हवी तर कायद्याची पदवी हवी, आणि शेवटच्या वर्षी कोर्टात बसून कामकाज पाहायचं व जर्नलात लिहायचं, अशी अट होती. साथीमुळे विद्यार्थ्यांना कोर्टात येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. मग कॉलेजनं वाट काढली: एखाद्या वकिलाच्या ऑफिसात महिनाभर बसा, फायली वाचा, पक्षकारांचं बोलणं ऐका, लिहा. प्रत्येक नोंदीखाली त्या वकिलाची सही. सही नाही तर मार्क नाहीत, निकाल नाही, सनद नाही.

माझ्याकडे गडमुडशिंगीची एक मुलगी आली. वडील गवंडीकाम करायचे. घरातली पहिलीच वकील होणार होती. आडनाव ऐकून मी तिचं घर कुठल्या वस्तीतलं ते ओळखलं, आणि आपण असलं काही मानत नाही, असं लगेच स्वतःला बजावलं. बजावावं लागलं, यातच काय ते आलं. ती रोज साडेदहाला यायची, खिडकीजवळ बसायची आणि लिहायची.

दुसरं जर्नल होतं त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या, साहेबांच्या सुनेचं. साहेब म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले ते. एक दिवस स्वतः ऑफिसात आले.

"सुनेला साथीत बाहेर सोडत न्हाय बघ. माझ्याच फायली दाखवल्या असत्या, पण सासऱ्याची सही कॉलेजला चालत न्हाय. तू कर की."

"साहेब, ती एकदाही आली नाही इथं."

"अगं, आपल्यातलीच हाय. आन् नमुन्याला एखादं जर्नल दे चार दिवस."

मी टेबलावरचं त्या मुलीचं जर्नल उचलून दिलं. तिला विचारलंसुद्धा नाही. आमच्या वकिलांच्या बारमध्ये कुणाच्या लेकीसुनेच्या जर्नलवर सही करणं म्हणजे चहा पाजण्यासारखं होतं. नाही म्हणणारा शिष्ट ठरायचा. शनिवारी सुनेचं जर्नल आलं, मुलीचंही परत आलं. सुनेच्या जर्नलात मी न वाचता सह्या केल्या.

मुलीचं मात्र सोमवारी वाचायला घेतलं. हे 'मात्र' मला आजही टोचतं. जोतिबावरच्या एका दुकानदाराची नोंद होती. भाऊबंदकीचा दावा. 'पक्षकार बोलताना किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवतात आणि त्यावर तळहात दाबून धरतात.' बरं लिहिलंय, म्हटलं. सुनेनं काय लिहिलंय ते पाहावं म्हणून दुसरं उघडलं. तेच. तळहातासकट.

वीस वर्षं उलटतपासणी घेणाऱ्या बाईला एक प्रश्न सुचायला हवा होता: जी या ऑफिसात आलीच नाही, तिला किल्ल्या दिसल्या कुठून? सुचला नाही. मी मुलीला हाक मारली. समोर कारकून होता, दोन पक्षकार होते, आणि तारीख विचारायला आलेला तोच दुकानदार.

"कॉपी करून वकील व्हायचंय का?"

"न्हाय मॅडम, मी..."

"मग हे काय आहे? जोतिबाच्या दुकानदाराचा किल्ल्यांचा जुडगा, त्यावर तळहात. दोन्ही जर्नलांत शब्दाला शब्द जुळतोय."

दुकानदार खुर्चीत पुढं सरकला. "बाई, त्या दिशी ही पोरगीच हुती की हितं. पाणी हिनंच दिलं मला. दुसरं कोण न्हवतं."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"बरं, न्हाय बोलत. साक्षीला बोलवशीला तवा बोलतो."

कारकून मान खाली घालून हसला. मुलगी हसली नाही. ती हळू म्हणाली, "मॅडम, माझं जर्नल मधी चार दिवस कुठं गेलतं?"

मला त्याच क्षणी सगळं आठवलं. खरं सांगायचं तर माझी सही खोटी आहे, असं त्या चौघांसमोर म्हणावं लागलं असतं. मी म्हणाले, "उद्या बघू."

जर्नल जमा करायची मुदत दुसऱ्या दिवशी बारापर्यंत होती. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. ती चप्पल घालून निघून गेली. मी संध्याकाळपर्यंत गठ्ठे बांधत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन्ही जर्नलं घेऊन कॉलेजात गेले. मुलीच्या प्रत्येक नोंदीखाली सही केली. सुनेच्या जर्नलातल्या माझ्या सह्यांवर काट मारली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: 'ही विद्यार्थिनी माझ्या ऑफिसात एकही दिवस हजर नव्हती. सह्या करणं ही माझी चूक.' दोन्ही जर्नलं प्राचार्यांच्या हातात दिली. मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती.

"माझी चूक झाली," मी म्हणाले.

"व्हय मॅडम," ती म्हणाली.

व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. आदल्या दिवशी ऐकणारे चौघे होते. मी ऑफिसात आले, कारकुनाला समोर बसवलं आणि त्या दोन पक्षकारांना आणि जोतिबाच्या दुकानदाराला फोन लावायला सांगितलं.