भट्टीमागची वायर

आपलं नाक गेलंय, हे आत्याने सुरुवातीला स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. ताप आला, उतरला, सर्दी वाहून गेली, पण वास काही परत आला नाही. जेवण नुसतं मऊ किंवा कडक लागू लागलं. दुसरं कुणी असतं तर थोडे दिवस कुरकुर करून विसरलं असतं. पण इथे अख्खं दुकान आत्याच्या नाकावर चाललेलं.

दुकान तसं भाच्याचं. विजेच्या वायरी आणि केबल, भिंतीभर नुसती बंडलं. गिऱ्हाईक जुन्या वायरीचा तुकडा आणायचं आणि ‘अशीच द्या’ म्हणायचं. तुकड्यावरचं छापील नाव घासून गेलेलं, रंग काळा पडलेला. वरचं आवरण कशाचं आहे ते कळायला मार्ग नसायचा. मग आत्या तुकडा चिमट्यात धरायची, काउंटरवरच्या ताटलीवर टोक पेटवायची, डोळे मिटून घ्यायची आणि हुंगायची. घशाला झोंबलं तर पीव्हीसी, जळक्या टायरसारखा वास आला तर रबर, विझवलेल्या मेणबत्तीसारखा आला तर पॉलिथिन. आणि वास जवळजवळ आलाच नाही, तर सिलिकॉन. उष्णता सोसणारं आणि सगळ्यांत महाग. डोळे मिटायची खरं तर काही गरज नव्हती. पण सवय लागली होती, आणि गिऱ्हाइकांनाही ते बघायला आवडायचं.

आता तर कशालाच वास नव्हता. म्हणजे आत्याच्या हिशेबाने जगातली एकूण एक वायर सिलिकॉनची झाली होती.

भाच्याला सांगावं तर काउंटरमागची खुर्ची जाणार. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर कुणीतरी होती ती याच खुर्चीमुळे. न सांगावं तर एखाद्याला चुकीची वायर जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती गप्प राहिली. बोटांनी दाबायची, वाकवायची, अंदाज बांधायची. बहुतेक वेळा निभावून जायचं, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेक वायरी पीव्हीसीच्याच असतात.

अशात एक दिवस कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. त्याच्या विजेच्या भट्टीची वायर उंदराने कुरतडली होती. आणलेला तुकडा बोटभरही नव्हता, वर पीठ आणि तेलाची काजळी घट्ट बसलेली. आत्याने टोक पेटवलं, डोळे मिटले, हुंगलं. काही नाही. आता याला वास नाही, की मला येत नाही? सवयीने तिच्या मनात आलं, सिलिकॉन. आणि ती स्वतःवरच चिडली. ज्या नाकाला सकाळी फिनेल कळलं नाही, त्याचा कौल कसला घ्यायचा? तुकडा हाताला मऊ लागला होता, पण मऊ तर पीव्हीसीही असतं. उगाच बिचाऱ्याला महागात कशाला पाडा. तिने ताटलीवर फुंकर मारली, ‘साधी पीव्हीसी’ म्हणाली आणि राखाडी वायर मोजून दिली. भाचा शेजारीच उभा होता. तोही काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटर पुसताना ताटलीखाली तिला पांढरी भुकटी दिसली. पीव्हीसी जळलं की काळा गोळा राहतो. पांढरी राख राहते ती सिलिकॉनची. भावाने धंदा शिकवताना हे सांगितलं होतं, पण नाक तयार झालं आणि राखेकडे बघणंच सुटलं. आता ही राख नेमकी कुठल्या तुकड्याची? काल बरेच तुकडे जाळले होते आणि प्रत्येक वेळी बाईसाहेबांचे डोळे मिटलेले! तिने आठवून आठवून डोकं शिणवलं. कधी वाटे, राख बेकरीवाल्याच्या तुकड्याचीच. कधी वाटे, जुनीच असेल. शेवटी चपला घालून ती बेकरीकडे निघाली.

भट्टी चालू होती. आत्या कुणाला न विचारता तिच्या मागच्या फटीत वाकली. गरम पत्र्याला लागून गेलेली राखाडी वायर लोंबत होती, चकचकीत आणि लिबलिबीत. एका ठिकाणी आवरण पत्र्याला चिकटून ओघळलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं. भट्टी बंद करा, ती म्हणाली, आणि बेकरीवाल्याने कारण न विचारता बटण बंद केलं.

मग तो वाकून बघू लागला. “सकाळपासून घशाला झोंबत होतं,” तो म्हणाला. “हिलाही म्हणालो. पण म्हटलं, वायर आत्यांनी हुंगून दिलीय. आपल्यालाच भास होत असेल.”

“भास नव्हता,” आत्या म्हणाली. “तुमचं नाक शाबूत आहे. माझं गेलंय.”

तो भट्टीतले अर्धेकच्चे पाव बाहेर काढू लागला. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुकानात परतल्यावर तिने भाच्याला सगळं सांगितलं. जाळीदार वेष्टनाची सिलिकॉनची वायर मोजता मोजता, वर न बघता तो म्हणाला, “मला माहीत होतं, आत्या.” घरी दूध करपून भांडं काळं झालं होतं आणि ती शेजारीच भाजी निवडत बसली होती, तेव्हाच त्याला कळलं होतं.

“मग काल बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू उद्यापासून घरी बसली असतीस.” वायर कापत तो म्हणाला, “आणि लोक तुझ्या नाकासाठीच येतात.”

यातली माया कुठली आणि धंदा कुठला, आत्याला काही केल्या उमजेना. याच्यावर रागवावं, तर आपणही त्याच भीतीने तोंड शिवून बसलो होतो. रडावं, तर कशासाठी ते नक्की ठरेना. तिकडे त्या माणसाच्या बेकरीला आग लागायची तेवढी राहिली होती.

“वायर तू नेऊन लाव,” ती म्हणाली. “आणि त्याला सांग, तुलाही माहीत होतं.”

भाचा बंडल घेऊन दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. गिऱ्हाइकासमोर कबूल करायची पाळी आता त्याची होती.