घरटी एक भाकर

लोक मला अजून विचारतात, "बाई, तुम्हाला कळलं कसं नाही?" मला याचा लय राग येतो. नाही कळलं! ज्याच्या खांद्यावर बसून मी झरीचा बाजार पाहिला, तो सख्खा चुलता केसानं गळा कापील हे कुणाला कळतं? तुम्हाला कळलं असतं का?

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या पावसाळ्यातली गोष्ट. मी परभणीत मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या गावातल्या पोरांनी बौद्धवाडा जाळला. तिथली माणसं रानातून चिखल तुडवत परभणीला आली, आणि आमच्याच शाळेच्या वर्गांत त्यांची सोय झाली. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका रोज तिथं जायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, आणि जाऊन काय करायचं तेही ठाऊक नव्हतं. घर जळालेल्या बाईशी काय बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? पहिल्याच दिवशी माझी मैत्रीण एका म्हातारीला म्हणाली, "आजी, धीर धरा." म्हातारी म्हणाली, "तू धरला असतास का गं माय?" त्यानंतर आम्ही उपदेश बंद केला. लेकरांना आंघोळी घालायच्या, बायकांच्या केसांतला चिखल काढून वेण्या घालायच्या, आणि कुणी बोललं तर मुकाट ऐकायचं, एवढंच करत होतो.

एक बाई मात्र बोलतच नव्हती. गावात मी तिला लहानपणापासून मावशी म्हणायची. तिच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं, तो खाटेवरच असायचा. घर पेटलं तेव्हा तिनं त्याला एकटीनं ओढत बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. दवाखान्यात तो गेला. तेव्हापासून मावशी भिंतीकडं तोंड करून बसलेली. चहा दिला तर दोन घोट घ्यायची, अन्नाला शिवायची नाही. मी रोज तिच्याशेजारी बसायची आणि शाळेतल्या पोरींच्या गमती सांगायची. एक दिवस तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "म्या पाहिलंय बाई. चूड कुणी लावली, म्या पाहिलंय. फौजदारापुढं सांगणार हाय."

"कोण होता?" मी विचारलं.

"फौजदारालाच सांगते," ती म्हणाली. मी जास्त खोदलं नाही.

त्याच आठवड्यात काका आले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत वर्गावर्गांतून फिरले. "आमच्या गावाला काळं फासलं गं पोरांनी," म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू! बैलगाडीतून त्यांनी एक मोठी दुरडी आणली होती, वर पांढरं फडकं. "तुझ्या आईनं पहाटे उठून थापल्यात. तूच वाट. तुझ्या हातून घेतील."

भाकरी गरम नव्हत्या, पण ज्वारीचा वास पार व्हरांड्यापर्यंत आला. लेकरं धावली. मोठी माणसं मात्र जागची हलली नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. पूर्वी ही माणसं संध्याकाळी दारोदार जाऊन गावची भाकर मागून आणायची. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते सोडलं, ते कायमचं. आणि दुसरंही होतं. आमच्याकडं भांडण मिटवायची एक रीत आहे. ज्याच्याशी वैर, त्याच्या घरची भाकर मोडून खाल्ली की वैर मिटलं. मग त्या भांडणाचा शब्द कुणी काढायचा नाही.

मावशीनं विचारलं, "कुणाच्या घरची हाय?"

"माझ्या आईच्या हातची," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. "तुमच्या आईची खाईन," म्हणाली आणि अर्धी भाकर खाल्ली. तिचं बघून बाकीच्यांनी घेतली. मी बाहेर जाऊन रडले. बाई जेवली म्हणून मला केवढा आनंद झाला होता!

चार दिवसांनी फौजदार जबाब घ्यायला आले. त्यांच्यामागं काका आणि गावचे कर्ते लोक. सगळे शाळेच्या पटांगणात बसले. फौजदारांनी कागद काढायच्या आत काका उठले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आता जबाब कशाचा? गावाचा समेट झालाय. यांनी गावची भाकर खाल्ली."

मला वाटलं, काका काहीतरी घोळ करायलेत. मी उठून म्हणाले, "काका, ती आईनं थापली होती!"

"तुझ्या आईनंबी थापल्या की. बाकी गावातून घरटी एक भाकर गोळा केली होती. माझ्या घरचीबी होती त्यात." ते सगळ्यांकडं वळले. "विचारा आमच्या पोरीला. तिच्याच हातानं वाटल्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही मला फसवलंत!" असं मी सगळ्यांदेखत ओरडले. काका हसले. लहानपणी मी रुसले की हसायचे, अगदी तसेच. कर्त्या लोकांनी माना खाली घातल्या. आई तर गावात होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याकडं दहा भाकरी मागितल्या, तिनं दहा दिल्या, बस.

वाड्यातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. परत त्याच गावात राहायचं होतं, तिथल्याच विहिरीचं पाणी प्यायचं होतं. एकेक जण पुढं झाला आणि "अंधार होता, कोण ते दिसलं न्हाई" असं सांगून अंगठा देऊन बसला. मावशी शेवटी उठली.

"भाकर खाल्ली म्हणून माझा मालक परत आला का?" तिनं काकांना विचारलं. मग फौजदारांकडं वळून नाव सांगितलं.

ते काकांच्या थोरल्या मुलाचं होतं. मी दर साल ज्याला राखी बांधायची, त्याचं.

तिला ठाऊक होतं. मी शेजारी बसून पोरींच्या गमती सांगत होते तेव्हाही तिला ठाऊक होतं. माझं मन मोडू नये म्हणून ती बाई नाव गिळून बसली होती. आणि माझ्या रक्ताच्या माणसानं मला दुरडी धरायला लावली!

दुसऱ्या दिवशी बाकीची घरं गाड्यांत बसून गावी परतली. तिची एकटीची साक्ष टिकायची नव्हती, हे फौजदारांनी तोंडावरच सांगितलं. झालंही तसंच. माझा भाऊ सुटला. काकांनी घरी पेढे वाटले. आईच्या हट्टापायी मी जेवायला गेले होते, तर पाव्हण्यांपुढं मला म्हणाले, "पोरी, घराण्याची अब्रू राखलीस." मी ताट तसंच ठेवून उठले. त्या घरात परत पाऊल टाकलं नाही, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. वाड्यातली माणसं गेली त्या सकाळी मावशी रिकाम्या वर्गात एकटीच होती. मी चहा घेऊन गेले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुमचा दोष न्हाई, बाई. म्या मनात काय ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "पर आता तुमच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत न्हाई. उद्यापासून येऊ नका."