शैलावहिनींचा साइड स्टँड

"किशोरभाई, परत झुकली बघा," असं म्हणत शैलावहिनींनी मोटरसायकल गॅरेजसमोर लावली आणि मी डोक्याला हात लावला. तीच गाडी, तोच साइड स्टँड, तिसऱ्यांदा. गाडी डावीकडे एवढी कलली होती की रस्त्यानं जाणारा एक माणूस थबकून गुजरातीत "पडशे, पडशे!" म्हणून ओरडला.

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. अख्खं इंजिन उघडायचं म्हटलं तरी मला घाम फुटत नाही. आणि इथं एक लोखंडाचा दांडा मला नाचवत होता. राग येणार नाही तर काय?

साइड स्टँड म्हणजे गाडी लावताना आपण डाव्या पायानं खाली पाडतो तो दांडा. फ्रेमला एक ब्रॅकेट वेल्ड केलेलं असतं. त्यात बोल्ट, बोल्टवर दांडा फिरतो, आणि स्प्रिंग त्याला जागेवर ओढून धरते. बस, एवढंच. दांडा वाकला, बोल्टचं भोक झिजलं किंवा ब्रॅकेट फाकलं, की गाडी जास्त कलते. लोक सांगतात, "खाली एक तुकडा जोडून दांडा लांब करून टाका ना!" तसं केलं की गाडी फार सरळ उभी राहते, आणि डावीकडून कुणाचं कोपर लागलं तरी उजवीकडे आडवी होते. म्हणून ते मी करत नाही.

पहिल्या वेळी मी बोल्ट बदलला होता. दुसऱ्या वेळी स्टँडच नवा टाकला. आता खाली वाकून बघतो तर नवा स्टँड सरळ, पण ब्रॅकेट बाहेर फाकलेलं आणि वेल्डिंगला तडा.

"वहिनी, खरं सांगा. उभ्या गाडीवर बसून कोण गप्पा मारतं?"

"कोणी नाही. मीच चालवते फक्त."

"मग हे काय आपोआप फाकलं? तुमच्या वाडीतली पोरं चढत असणार."

"पोरांना उगाच नावं नका ठेवू. तुम्ही दुरुस्त करून द्या ने. उद्या सकाळी मला गाडी हवीच आहे. जास्त झुकली की सरळ करताना माझा जीव जातो हो."

इथं मी चमकलो. जीव जातो? ही गाडी मी एका हातानं सरळ करतो. वहिनी साठीच्या असल्या तरी धडधाकट. नवरा आजारी पडल्यावर मोटरसायकल शिकलेली बाई ही, नाजूक नव्हे.

त्यांचे यजमान, विजयराव, माझे जुने गिऱ्हाईक. रिफायनरीत होते. पूर्वी गाडी तेच आणायचे आणि "किशोर, गिअर नीट पडत नाही" म्हणून माझं डोकं खायचे. बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, असं मी ऐकून होतो.

संध्याकाळपर्यंत मी तात्पुरतं वेल्डिंग मारलं आणि सकाळी गाडी स्वतःच वाडीत पोचवली. खरं सांगायचं तर मला चोर पकडायचा होता. किल्ली दिली, चहाला नको म्हटलं, आणि समोरच्या दुकानापाशी उगाच मोबाइल बघत उभा राहिलो.

थोड्या वेळानं वहिनी विजयरावांना धरून बाहेर आल्या. गाडी स्टँडवरच होती. वहिनींनी आधी पहिला गिअर टाकला, म्हणजे चाक फिरून गाडी पुढं सरकू नये. मग विजयराव मागच्या सीटकडे पाठ करून, बायका बसतात तसे एका बाजूनं टेकले. स्टँड कुरकुरला.

वहिनींनी ओढणीचा फास त्यांच्या उजव्या पायात अडकवला, पाय हळूच उचलला, पुढच्या रिकाम्या सीटवरून पलीकडे नेला. विजयराव डाव्या हातानं मागची दांडी धरून तेवढेच वळले. मग वहिनींनी पलीकडे जाऊन त्यांचा तो पाय फुटरेस्टवर ठेवला. परत अलीकडे येऊन स्वतः पुढं चढल्या. आता गाडीचा, विजयरावांचा आणि वहिनींचा सगळा भार त्या एका दांड्यावर!

"हं," वहिनी म्हणाल्या.

आणि दोघंही एकदम उजवीकडे झुकले. अर्धं अंग लुळं पडलेला माणूस, पण बायकोच्या एका "हं"वर जेवढं हवं तेवढंच अंग टाकत होता. गाडी जागची हलली, अडली, आणि सरळ झाली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. एवढी वर्षं गाड्यांत घालवली, पण दोन माणसांनी मिळून अशी गाडी उभी केलेली मी पाहिली नव्हती.

गाडी माझ्या जवळून गेली तेव्हा मागच्या सीटवरून घोगरा, जड आवाज आला. "गिअर. गिअर बदल."

"बदलते हो!" वहिनी ओरडल्या.

वाचा गेली होती ना यांची?

दुपारी वहिनी एकट्या गाडी घेऊन आल्या. मी सरळ म्हटलं, "वहिनी, सकाळी मी सगळं पाहिलं."

त्यांचा चेहरा पडला. "आता तुम्हीपण म्हणा, असं नका बसवू. डॉक्टर म्हणतात. मुलगा तर पुण्याहून रोज फोनवर दम देतो, एकदा जरी पडलात तर गाडी विकून टाकीन."

"रिक्षानं का नाही जात?"

"नेऊन पाहिलं. रिक्षात भिंतीसारखे बसतात. घरातही तसंच, एक शब्द नाही. सुभानपुऱ्याला फिजिओथेरपीच्या व्यायामाला जाताना एकदा गाडीवरून नेलं, तर मागून 'ब्रेक' म्हणाले! चालत्या गाडीवरच बोलतात. गाडी उभी राहिली की बंद. ही गाडी गेली तर ते शब्दही जातील, किशोरभाई."

"मग मधल्या स्टँडवर लावून बसवा, त्यावर गाडी सरळ उभी राहते."

"आणि माणूस वर असताना गाडी त्या स्टँडवरून उतरवायला तुम्ही येणार रोज?"

या बाईंनी सगळा विचार करून ठेवला होता. कमी पडत होतं ते फक्त लोखंड.

जुनं ब्रॅकेट मी कापूनच काढलं. जाड पत्र्याचं नवं केलं, त्याच्या मागे फ्रेमला त्रिकोणी टेकू दिला. दांडाही जाड घेतला, लांबी मात्र होती तेवढीच ठेवली. खाली रुंद पट्टी लावली, म्हणजे आपल्या बडोद्याच्या उन्हाळ्यात डांबरात रुतणार नाही. मग मी स्वतः मागच्या सीटवर एका बाजूनं बसून उड्या मारल्या. शेजारचा फरसाणवाला हसून हसून बेजार झाला. स्टँड जागचा हलला नाही.

"तरी मनात धाकधूक ठेवायची," मी वहिनींना बजावलं. "ते बसत असताना एक हात गाडीवर पाहिजेच. आणि दर महिन्याला मला दाखवायचं. तडा मी शोधायचा, तुम्ही नाही."

पुढच्या महिन्यात त्या विजयरावांना घेऊनच आल्या. गाडी स्टँडवर लावली, इंजिन बंद केलं, खाली उतरल्या. विजयराव मागे तसेच बसून राहिले. मी खाली बसून बॅटरीच्या उजेडात वेल्डिंग तपासत होतो. कुठंही तडा नव्हता.

डोक्यावरून आवाज आला. "किशोर."

मी वर पाहिलं. विजयराव माझ्याकडेच बघत होते. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागत होता. मी हललो नाही.

"गिअर," ते म्हणाले, "नीट पडत नाही."

गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. वहिनींनी माझा खांदा घट्ट धरला आणि त्या रस्त्यात उभ्या उभ्या रडायला लागल्या. मी गिअर तपासला. उत्तम पडत होता. तरी म्हटलं, "बघतो, विजयराव, बघतो."

कंपनी सांगते, गाडी साइड स्टँडवर असताना तिच्यावर बसू नये. बरोबरच आहे. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगतो. फक्त आता आधी विचारतो, बसतं कोण.