सत्काराच्या मंडपाचे खड्डे

आमच्या बास्केटबॉलच्या सरांवर अन्याय झाला. शहाण्णव साली, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठ वाजता, इंदापुरात, कॉलेजच्या मैदानावर. हारतुरे घालून झाला म्हणून त्याला कुणी अन्याय म्हणत नाही. मी म्हणतो.

सर बारामतीहून पहिल्या एसटीनं यायचे. मुरमाचं ते मैदान त्यांनीच पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेलं. सरावाआधी बूट काढून सगळीकडं अनवाणी फिरायचे. पायाला भुसभुशीत लागलं की तिथं पुन्हा पाणी. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तिथं आमचा पहिला घरचा सामना होता. एरवी कायम आम्हीच पाहुणे.

त्याच आठवड्यात सर कॉलेजचे क्रीडा संचालक झाले. मग सत्कार आलाच, आणि सत्कार म्हणजे मंडप. शनिवारी आम्ही पोचलो तर मंडपवाला पहारीनं खड्डे घेत होता, बरोबर बास्केटखाली.

"अहो, हितं नको," सर म्हणाले.

"सर, तुमचाच मंडप हाय. दुसऱ्याचा असता तर तिकडं बाभळीखाली ठोकला असता."

संस्थेतले एक तात्या हसले. "आता खुर्चीत बसायचं, सर. पळू द्या पोरांना."

सर बसले. शाल, नारळ, चार भाषणं. जिलेबी मीही खाल्ली, दोनदा.

रविवारी टीम भिगवणला मासे खायला गेली. मी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होतो. सर एकटेच घमेल्यानं मुरूम आणून खड्डे भरत होते. बोलावलं तर जाऊ, असं ठरवून मी बसलो. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही.

सोमवारी पंचांनी बास्केटखाली चेंडू आपटला. तो घोट्याच्या वर आला नाही. सामना बारामतीला हलवला. "तुमच्याच गावाला चाललोय की, सर," पंच म्हणाले.

पुढं त्यांना वेगळी खोली मिळाली, टेबल मिळालं, परिपत्रकांचा गठ्ठा मिळाला. त्या खोलीत कुणी जात नसे. मी एकदाच गेलो, सहीसाठी.

"ग्राउंडला पाणी मारता का रे?"

"व्हय सर," मी म्हणालो. कुणीच मारत नव्हतं. मैदानात गवत उगवलं होतं, आणि त्यातून सर बूट घालून ये-जा करत होते. त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

तुमच्या गावातही कुणाचा तरी सत्कार ठरला असेल. मंडप कुठं पडणार, ते आजच जाऊन विचारा. मैदानावर पडणार असेल तर अडवा. आणि उशीर झाला असेल, खड्डे भरणारा एकटा माणूस दिसत असेल, तर बोलावण्याची वाट बघू नका. घमेलं घ्या आणि खाली उतरा.